अमृता शेरगिल यांच्या चित्रांच्या छापील प्रती : एका संचाचे परीक्षण

कोकणातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात लावण्यासाठी अमृता शेरगिल यांच्या चार चित्रांच्या छापील प्रतींचा संच गेल्या हिवाळ्यात मागवला होता. आता त्या प्रती भिंतीवर लागून एक संपूर्ण पावसाळा उलटला आहे आणि त्यांच्याविषयी खात्रीने काही सांगता येईल असे वाटते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. संचात त्या पॅरिसमध्ये शिकत असतानाच्या काळातील एक आत्मचित्र, १९३५ सालचे ‘तीन मुली’ आणि १९३७ सालची ‘वधूचा शृंगार’ व ‘ब्रह्मचारी’ ही दोन चित्रे होती. शेवटची तिन्ही मूळ चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि ती मी तेथे समोर उभे राहून पाहिलेली असल्यामुळे छपाईची तुलना आठवणीतल्या प्रत्यक्ष चित्रांशी करणे मला शक्य झाले. विक्रेत्याचे नाव देत नाही. ज्या उणिवा येथे मांडल्या आहेत, त्या कमीअधिक प्रमाणात या धंद्यातील बऱ्याच जणांकडे आढळतात आणि एकाच दुकानाकडे बोट दाखवल्याने घेणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही.

अमृता शेरगिल यांच्या छापील प्रती आज इतक्या ठिकाणी मिळतात, याचे कारण कायद्यात आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा स्वामित्वहक्क संपतो. अमृता शेरगिल यांचे निधन ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरमध्ये, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी झाले, त्यामुळे २००१ संपताच त्यांची चित्रे छापण्यास कोणालाही मोकळीक मिळाली. मूळ चित्रांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची कामे राष्ट्रीय ठेवा ठरली आणि देशाबाहेर नेण्यास बंदी झाली, त्या नऊ जणांत अमृता शेरगिल ही एकच स्त्री आहे. म्हणजे मूळ चित्र कायद्याने जपलेले आहे आणि प्रत मात्र ज्याला जशी वाटेल तशी काढता येते. महाजालावरून उतरवलेली एखादी प्रतिमा घ्यायची, रंग भडक करायचे आणि छापून द्यायची, एवढ्यावर अनेकांचा व्यवसाय चालतो. चांगली प्रत ओळखायची कशी, हे म्हणूनच घेणाऱ्याने स्वतः शिकून घ्यावे लागते.

संचातील आत्मचित्राची प्रत सर्वांत उत्तम निघाली. विक्रेत्याने ती कॅनव्हासवर छापून लाकडी सांगाड्यावर ताणून पाठवली होती. चेहऱ्यावरचा उजेड, केसांतील काळ्या रंगाच्या आतला तपकिरी रंग, ओठांची लाली हे सगळे नीट उतरले होते आणि जवळ जाऊन पाहिले तरी प्रतिमा फुटत नव्हती. याचा आनंद झाला, पण त्याबरोबर एक प्रश्नही मनात आला. याच विक्रेत्याने बाकीच्या तीन चित्रांवर एवढी मेहनत का घेतली नाही? उत्तर त्याच्याच माहितीपत्रकात होते. सर्वाधिक खप आत्मचित्राचा आहे. लोक अमृता शेरगिल यांचा चेहरा विकत घेतात आणि विक्रेता त्या चेहऱ्यावर खर्च करतो. आत्मचित्रे त्यांनी पुष्कळ काढली आणि त्यांतली काही फार चांगली आहेत, यात शंका नाही. परंतु पॅरिसमधली ही चित्रे एका अतिशय हुशार विद्यार्थिनीची आहेत, तर ज्या चित्रांनी भारतीय चित्रकलेची दिशा बदलली ती त्या १९३४च्या अखेरीस भारतात परतल्यानंतरची आहेत. संच घेणाऱ्याला हा फरक सांगितला गेला पाहिजे, आणि छपाईचा दर्जाही त्या क्रमाने ठरला पाहिजे.

‘तीन मुली’ या चित्राची पहिली प्रत मी परत पाठवली. तिच्यात लाल रंग इतका पेटलेला होता की, खोलीच्या दारातून आधी कपडेच दिसत आणि मुली नंतर. मूळ चित्रात कपड्यांचे रंग तेजस्वी आहेतच; पण ते तेज आणि मुलींच्या चेहऱ्यांवरचा थिजलेला शांतपणा यांच्या ताणावरच संपूर्ण चित्र उभे आहे. खाली वळलेल्या नजरा, एकमेकींच्या इतक्या जवळ असूनही एकमेकींकडे न पाहणाऱ्या तिघी, मागे काहीही न सांगणारी सपाट पार्श्वभूमी. त्यांच्या आयुष्याचा निर्णय दुसरीकडे कुठेतरी होणार आहे आणि तो त्यांना माहीत आहे, असे हे चित्र एकही प्रसंग न दाखवता सांगते. रंग भडक केला की, चेहऱ्यांवरच्या बारीक छटा दबतात आणि उरते ते उत्तर भारतीय पोशाखाचे एक देखणे चित्र, जसे दिनदर्शिकेवर असते. दुसरी प्रत बरीच सुधारून आली. लाल रंग खाली आला, चेहऱ्यांवरचा हिरवट-तपकिरी अंधार परतला आणि नाकाच्या बाजूची छाया पुन्हा वाचता येऊ लागली. मूळ रंगाच्या अगदी जवळ ती पोहोचली असे म्हणणार नाही, पण वाचनकक्षात बसून रोज पाहावी अशी ती आता आहे.

याच चित्राशी मुंबईचा जवळचा संबंध आहे आणि तो विक्रेत्याच्या माहितीत कोठेही नाही, याचे मला वाईट वाटले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झालेली, मुंबईच्या कलाजगतात मोठा मान असलेली संस्था. तिच्या १९३७च्या प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याआधी १९३५मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेने अमृता शेरगिल यांची काही चित्रे स्वीकारली होती, काही नाकारली होती आणि स्वीकारलेल्यांपैकी एकाला बक्षीस दिले होते. त्यांनी ते बक्षीस परत केले. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, प्रतिष्ठित पुरुषांच्या निवडसमितीला ‘तुमची निवड मला मान्य नाही’ असे लेखी कळवणारी ती तरुणी होती. पुढे दोनच वर्षांत मुंबईने तिला पदक दिले, ही गोष्ट मराठी वाचकाला कळली पाहिजे. मुंबईतच त्यांची कार्ल खंडालावाला यांच्याशी भेट झाली. व्यवसायाने वकील आणि भारतीय चित्रकलेचे जाणकार असलेले खंडालावाला पुढे त्यांच्या चित्रांचे सर्वांत ठाम समर्थक ठरले.

‘ब्रह्मचारी’ या प्रतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण छापील प्रत घेताना सर्वांत जास्त फसवणूक पांढऱ्या रंगात होते. छपाईयंत्रात पांढरी शाई नसते. जेथे पांढरा रंग हवा तेथे यंत्र काहीही छापत नाही आणि कागद तसाच सोडून देते. म्हणजे प्रतीतला पांढरा रंग हा कागदाचा रंग असतो. तैलचित्रात याच्या अगदी उलट घडते. तेथे पांढरा हा स्वतंत्र रंग असतो. तो जाड किंवा पातळ लावता येतो, त्यात पिवळा, राखी, निळा मिसळता येतो आणि एकाच चित्रात दहा प्रकारचे पांढरे शेजारी ठेवता येतात. ‘ब्रह्मचारी’ चित्रात पाच पुरुष बसलेले आहेत. त्यांची धोतरे पांढरी, अंग सावळे, मागची भूमी मातकट तांबडी. विषय म्हणून पाहिले तर फारसे काही घडत नाही. पण या पाच धोतरांचे पांढरे रंग एकमेकांपासून वेगळे ठेवणे आणि तरीही त्या सर्वांना एका तालात बांधणे, हीच त्या चित्राची खरी कसोटी आहे आणि अमृता शेरगिल तीत पूर्णपणे उतरल्या आहेत.

आमच्याकडे आलेली पहिली प्रत चकचकीत पांढऱ्या कागदावर छापलेली होती. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळपणा आणणारी रसायने घालतात आणि त्यामुळे पांढऱ्यावर निळसर झाक येते. ट्यूबलाइटच्या उजेडात तर पाचही धोतरे एकाच निळसर पांढऱ्या रंगाची दिसू लागली आणि पाच माणसांचे पाच निराळे ठोकळे असल्यासारखे चित्र विस्कटले. विक्रेत्याला ही अडचण कळवली तेव्हा त्याने समजून घेतले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. उजळपणाची रसायने नसलेला, किंचित पिवळसर सुती कागद त्याच्याकडे होता. तो दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा, हाताला जाड लागणारा कागद होता आणि त्यावर त्याने थोडी जादा रक्कम घेऊन नवी प्रत काढून दिली. फरक पाहताक्षणी जाणवला. उजवीकडच्या धोतराच्या घडीतला राखी रंग आणि मध्यभागातला उबदार पांढरा आता वेगवेगळे दिसतात, आणि आकृत्या पुन्हा एकमेकींना धरून बसल्या आहेत. ज्यांना या संचातील एकच प्रत घ्यायची असेल त्यांनी हीच घ्यावी, मात्र कागद कोणता आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘वधूचा शृंगार’ या चित्राची प्रत मात्र आम्हाला समाधान देऊ शकली नाही. या चित्राची आणि ‘ब्रह्मचारी’ची जोडी आहे, ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत’ हे तिसरे चित्र धरून ही तिन्ही दक्षिणेच्या प्रवासानंतर १९३७मध्ये काढलेली आहेत. १९३६च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या प्रवासात अमृता शेरगिल यांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिले, मग हैदराबादमार्गे त्या पार त्रावणकोर-कोचीन आणि कन्याकुमारीपर्यंत गेल्या, मट्टनचेरीच्या राजवाड्यातली भित्तिचित्रे त्यांनी बारकाईने अभ्यासली. अजिंठ्याचा त्यांच्यावर झालेला परिणाम त्यांच्या पत्रांतून स्पष्ट दिसतो, पण पत्रांपेक्षाही तो ‘वधूचा शृंगार’ चित्रात दिसतो. मध्ये बसलेली गोरी वधू, तिच्याभोवती सावळ्या स्त्रिया आणि मुले. प्रत्येक देहाचा तपकिरी रंग निराळा आणि त्या तपकिरी रंगांच्या चढउतारांवरच आकृत्यांची गोलाई उभी राहते. अजिंठ्याच्या लेण्यात दिव्याच्या उजेडात ज्यांनी गेरूच्या, कावेच्या आणि काजळाच्या त्या छटा पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. महाराष्ट्राच्या डोंगरात दीड हजार वर्षांपूर्वी जे रंगवले गेले, त्यातून पॅरिसमध्ये शिकून आलेल्या एका स्त्रीने आधुनिक चित्राची भाषा घडवली, हे मला फार मोलाचे वाटते.

छापील प्रतीत नेमके हेच तपकिरी रंग एकमेकांत मिसळून गेले आहेत. अंधारातल्या छटा वेगळ्या ठेवायला छपाईसाठी वापरलेली मूळ प्रतिमा मोठी आणि नीट प्रकाशात घेतलेली असावी लागते, आणि येथे ती तशी नसावी हे उघड आहे. दुसरी उणीव कडांची आहे. विक्रेत्याने ही प्रत आत्मचित्राप्रमाणेच कॅनव्हासवर छापून सांगाड्यावर ताणून देण्याचा आग्रह धरला आणि आम्ही तो मान्य केला. अशा पद्धतीत चित्राची कड सांगाड्याच्या बाजूवर वळते. आत्मचित्रात मागे मोकळी जागा असल्यामुळे ते खपून जाते. येथे कडेच्या आकृत्यांचा काही भाग वळणावर गेला आणि रचनेचा तोल बिघडला. अमृता शेरगिल यांनी पॅरिसमध्ये सगळ्यात जास्त काही कमावले असेल तर ते रचनेचे भान. त्यांची आकृती चौकटीपासून किती अंतरावर थांबते हे ठरवून केलेले असते. कडा कापलेली प्रत घेऊन ते भान वाचकांपर्यंत कसे पोहोचणार? ज्यांना कॅनव्हासच हवा असेल त्यांनी बाजूंवर कोरी पट्टी ठेवून छापण्यास सांगावे, चित्राचा एक सेंटिमीटरही वळवू देऊ नये.

आकाराविषयी एक सूचना. दक्षिणेच्या प्रवासानंतरच्या या मूळ चित्रांची लांब बाजू जवळजवळ दीड मीटर आहे. आमच्या प्रती त्याच्या निम्म्याहूनही लहान आहेत आणि वाचनकक्षाच्या मापाने ते ठीकच आहे, पण त्याहून लहान प्रत घेण्यात अर्थ नाही. टेबलावर ठेवायच्या आकारात या आकृत्यांचा जडपणा पूर्णपणे हरवतो.

आता संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेकडे वळतो. माझी सर्वांत मोठी तक्रार तिच्याविषयी आहे. गुळगुळीत कागदावरच्या त्या छोट्या पुस्तिकेत अमृता शेरगिल यांचे सौंदर्य, त्यांचे प्रेमसंबंध, त्यांचा अकाली आणि गूढ मृत्यू आणि त्यांच्या चित्रांना लिलावात मिळालेल्या किमती यांवर बहुतेक मजकूर खर्च झाला आहे. चित्र कोणत्या वर्षी काढले, कोणत्या माध्यमात, मूळ आकार किती, ते आज कोठे आहे, यांपैकी एकही माहिती कोणत्याही चित्राखाली नाही. पहिल्याच पानावर त्यांना ‘भारताची फ्रिडा काहलो’ म्हटले आहे. हे विशेषण सर्वत्र वापरले जाते आणि ते वापरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते कालक्रमालाच धरून नाही. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांचे पहिले एकल प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये १९३८ साली भरले. तोवर अमृता शेरगिल यांची ‘तीन मुली’, ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही तिन्ही चित्रे काढून झालेली होती, मुंबईचे पदक मिळालेले होते आणि लाहोरच्या फॅलेटीज हॉटेलमधले त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन होऊन गेले होते. दोघीही थोर चित्रकार होत्या. दोघींनी आपापल्या देशात, एकमेकींच्या आधाराविना आपली वाट काढली. एकीला दुसरीची आवृत्ती म्हटल्याने त्या वाटेवरचे कष्ट दिसेनासे होतात.

ते कष्ट नेमके कोणते होते, हे पुस्तिकेत यायला हवे होते. बुडापेस्टमध्ये ३० जानेवारी १९१३ रोजी जन्मलेल्या अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग हे संस्कृत व फारसीचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार होते, आई हंगेरियन आणि गायिका होती. घरात पैसा होता, मोकळेपणा होता, मामा एर्विन बाक्ते यांनी सिमल्यात असतानाच त्यांना समोर माणूस बसवून रेखाटण्याची सवय लावली होती. ही अनुकूलता त्या काळच्या फार थोड्या भारतीय मुलींना मिळाली आणि ती मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. १९२९ साली त्या पॅरिसला गेल्या, आधी ग्रांद शोमिएरमध्ये आणि नंतर लुसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली एकोल दे बोझारमध्ये शिकल्या. ज्या एकोल दे बोझारची ख्याती आपण ऐकतो, तिचे दरवाजे स्त्रियांना १८९७पर्यंत बंद होते. विवस्त्र मॉडेल समोर ठेवून अभ्यास करणे हा युरोपीय चित्रकाराच्या शिक्षणाचा पाया, आणि तोच स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला होता. अमृता शेरगिल पॅरिसला पोहोचल्या तेव्हा तो अडसर निघून जेमतेम तीन दशके झाली होती. त्यांनी त्या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग केला. ‘दोन तरुणी’ हे त्यांचे १९३२चे चित्र. त्याला पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सालों या मोठ्या कलाप्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि सालोंच्या सहयोगी सदस्य म्हणून त्या निवडल्या गेल्या.

भारतात आल्यावर त्यांच्यासमोर दोन तयार रस्ते होते आणि दोन्ही पुरुषांनी आखलेले होते. एक, ब्रिटिश कलाशाळांनी रुजवलेले यथातथ्य चित्रण. दुसरा, बंगाल शैलीचे पुराणकथांकडे पाहणारे हळुवार रंगकाम. त्यांनी दोन्ही नाकारले आणि ते का नाकारले हे भाषणांतून आणि लेखांतून उघडपणे सांगितले. त्यामुळे त्या गर्विष्ठ ठरल्या. चित्रे सहज विकली गेली नाहीत. हैदराबादच्या नवाब सालारजंगांनी त्यांची चित्रे काही दिवस ठेवून घेतली आणि न घेता परत केली. पुस्तिकेने मोठ्या अक्षरांत सांगितले आहे की, २०२३च्या लिलावात त्यांच्या एका चित्राला ६१ कोटी ८० लाख रुपये मिळाले. ही माहिती खरी आहे. परंतु ज्या चित्रकर्तीला आपल्या हयातीत संग्राहकांच्या दारातून चित्रे परत आणावी लागली, तिच्याविषयी सांगताना फक्त आजची किंमत सांगणे म्हणजे अर्धीच हकीगत सांगणे होय.

पुस्तिकेत आणखी एक संदर्भ आला असता तर आमच्यासारख्या वाचनालयांना फार उपयोग झाला असता. त्याच काळात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघी शिकून बाहेर पडल्या होत्या. दोघींचे वडील, म. वि. धुरंधर आणि गोव्याचे अँतोनियो शाव्हिएर त्रिंदाद, त्याच कलाशाळेत शिकवणारे नामवंत चित्रकार. त्या काळी स्त्रीने चित्रकलेत पाऊल टाकायचे तर बहुधा वडिलांच्या चित्रशाळेतूनच वाट होती, आणि त्या वाटेनेही पुढे जाणे सोपे नव्हते. अमृता शेरगिल यांची वाट निराळी होती, पण त्या एकट्या नव्हत्या. आमच्या वाचनकक्षात चित्रांखाली लावण्यासाठी आम्ही स्वतः मराठीत चार माहितीपट्ट्या लिहून घेतल्या आणि त्यांत अंबिकाबाईंचा व अँजेलाबाईंचा उल्लेख आवर्जून केला. त्यानंतर कलेविषयीच्या पुस्तकांची मागणी वाचनालयात वाढली आहे आणि ती करणाऱ्यांत शाळकरी मुली जास्त आहेत.

चौकट आणि टिकाऊपणा यांविषयी कोकणातल्या वाचकांसाठी थोडे लिहितो. सुती कागद हवेतली ओल पटकन शोषतो. प्रत काचेला चिकटून बसवली तर पावसाळ्यात ती काचेला धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. आमच्या चौकटी गावातल्याच फ्रेमवाल्याकडून करून घेतल्या. प्रत आणि काच यांच्यामध्ये माउंटचे, म्हणजे प्रतीभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर, मागे आम्लरहित पुठ्ठा, कडा पट्टीने बंद, आणि भिंतीपासून हवा खेळती राहावी म्हणून मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी ठोकळे, एवढी काळजी त्याने घेतली. पावसाळ्यानंतर कागदाच्या दोन्ही प्रती स्वच्छ आहेत. कॅनव्हासच्या प्रतींपैकी एकीचा ताण ओलीने किंचित सैल झाला होता, तो सांगाड्याच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून पुन्हा घट्ट करता आला. शाई पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची, असल्याचे विक्रेत्याने लिहून दिले होते आणि आतापर्यंत रंग उतरलेला नाही. तरीही पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत आम्ही टाळली आहे. साधी काच लावल्यामुळे ‘ब्रह्मचारी’वर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, हा दोष आमच्या काटकसरीचा आहे. शक्य असेल त्यांनी प्रतिबिंब न पडणारी काच घ्यावी.

मराठी घरांना छापील चित्र नवे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो मळवलीला गेला आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजी-पणजींच्या देवघरांपर्यंत पोहोचल्या. छापील प्रतीला कमी लेखण्याचे म्हणूनच काही कारण नाही. चांगली छपाई एका पिढीची दृष्टी घडवू शकते. अमृता शेरगिल यांच्या सावळ्या, थकलेल्या, स्वतःत मिटलेल्या स्त्रिया त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या शेजारी आपल्या भिंतींवर यायला हव्यात, असे मला मनापासून वाटते, आणि त्या याव्यात तर नीट रंगांत याव्यात.

संपूर्ण संच चौकटीसह आम्हाला साधारण पंधरा हजारांत पडला. चार प्रती एकदम घेण्याची शिफारस मी करणार नाही. ‘ब्रह्मचारी’ पिवळसर सुती कागदावर आणि ‘तीन मुली’ रंग तपासून, या दोन घ्याव्यात. आत्मचित्र चांगले छापलेले आहे, पण ते नंतर घेतले तरी चालेल. ‘वधूचा शृंगार’ या छपाईत घेऊ नये. ज्यांना ते पाहायचे आहे त्यांनी दिल्लीला गेल्यावर इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये जावे. तेथील संग्रहात अमृता शेरगिल यांची शंभराहून अधिक चित्रे आहेत. त्यांतली कोणती त्या वेळी मांडलेली आहेत हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आमचे वाचनालय पुढच्या वर्षी १९४०चे ‘हळद दळणाऱ्या स्त्रिया’ मागवण्याच्या विचारात आहे. या वेळी मात्र आधी हातभर रुंदीची नमुनापट्टी छापून घेणार आहोत, ती वाचनकक्षातल्या उजेडात पाहणार आहोत आणि मगच पूर्ण प्रतीचे पैसे भरणार आहोत.